अठ्ठेचाळीस

मंगळवारी सकाळी मी फोन उजव्या कानावरून डाव्या कानावर घेतला आणि फोनमधला सूर खाली उतरला. घडलं ते एवढंच. विम्याच्या कचेरीत फोन लावला होता. पलीकडच्या बाईंनी "एक मिनिट हं" म्हणून मला लटकवून ठेवलं होतं आणि त्या मिनिटात त्यांच्याकडे एकच लांबलचक स्वर वाजत होता, टूंऽऽ. मी फोन नेहमी उजव्या कानाला लावतो. पण मिनिटाची सात मिनिटं झाली, चहा निवायला लागला, कप उजव्या हातात घ्यावा म्हणून मी फोन डावीकडे नेला, तर तोच टूं जरा बसलेला, जरा जाड. मला वाटलं, कचेरीत दुसरी घंटी लागली. फोन परत उजवीकडे नेला, सूर वर. डावीकडे नेला, खाली. फरक काही मोठा नव्हता, दुसऱ्या कोणाच्या तो लक्षातही आला नसता. पण मी सदतीस वर्षं टेनिसच्या रॅकेटी तारतो, म्हणजे त्यांना तारा बसवून देतो. नव्या तारा ओवून झाल्या की जाळीतली मधली तार बोटाने छेडतो, रॅकेट कानाशी धरतो आणि ताण बरोबर बसला की नाही ते ठरवतो. छेडायला उजवा हात लागतो, म्हणून रॅकेट डाव्या हातात असते आणि कानही डावाच असतो. बाई परत आल्या, हॅलो हॅलो म्हणाल्या, वैतागल्या आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

"अहो, काय चाललंय? फोनला वारा घालताय का?" बायको म्हणाली. ती टेबलाच्या पलीकडे बसून वर्तमानपत्रातला लीगचा तक्ता कात्रीने कापत होती. तीस वर्षं तिने टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली, कानाला यंत्र लावून, लोकांचे आवाज एकमेकांना जोडून देत. निवृत्त झाल्यावर तिला काय सुचलं कोण जाणे, तिने टेनिसची लीग धरली. लग्नानंतरची सगळी वर्षं हिला माझ्या धंद्यातलं एवढंच माहीत होतं की माझ्या बोटांना चिरा पडतात. आता आठ शहरांचे आठ संघ, कोणाचे किती गुण, कोणाचा गुडघा दुखतो, कोणाचं कोणाशी पटत नाही, सगळं हिला तोंडपाठ. कपाटाच्या दारावर आतून बारा आठवड्यांचे बारा तक्ते चिकटवले आहेत. आमचा संघ निळ्या कपड्यांचा. चौथ्या आठवड्यात तो तळाला होता तेव्हा ही दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही, जणू मीच हरलो होतो. मग तरण्या पोरांनी संघ ओढून वर काढला आणि निळे कसेबसे चौथे येऊन उपांत्य फेरीत शिरले. शनिवारी तीही जिंकले. आता रविवारी पिवळ्यांशी अंतिम लढत. "काही नाही," मी म्हटलं, "फोन बिघडलाय." फोन बिघडला नव्हता हे मला तेव्हाच ठाऊक होतं. तरी मी तो हिच्या हातात दिला आणि दोन्ही कानांना लावून बघायला सांगितलं. हिने लावला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "सारखाच तर आहे." बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली आणि मग पुन्हा कात्री हातात घेतली.

माझी खोली स्टेडियमच्या पोटात आहे. प्रेक्षकांच्या पायऱ्या वरून जातात, त्यामुळे छत एका बाजूला उतरतं आणि आतल्या कोपऱ्यात मला वाकूनच जावं लागतं. तिथे मी तारांची रिळं ठेवतो. एक टेबल, एक खिडकी, तिच्यातून फक्त खेळाडूंचे बूट दिसतात, आणि मधोमध वडलांचं यंत्र. रॅकेटची चौकट त्यात आडवी आवळायची, तार एका छिद्रातून घालून दुसऱ्यातून काढायची, दांडा फिरवायचा, ताण बसला की खटका पडतो, मग चिमट्याने धरून पुढची तार. वर क्लबने विजेवर चालणारी दोन नवी यंत्रं ठेवली आहेत, आकडे दिव्यांनी लिहिणारी. पण आमचे निळे खाली माझ्याकडेच येतात. वडील मला शिकवायला बसले तेव्हा म्हणाले होते की स्प्रिंग थकते, स्क्रू ढिला होतो, तेव्हा यंत्राच्या आकड्यावर डोळे मिटून विसंबू नकोस, शेवटी कान लाव. यंत्राच्या बुडाशी एक छोटा स्क्रू आहे. यंत्र उतरलं असं वाटलं की तो केसभर आवळायचा. गेल्या तीन महिन्यांत मी तो चार वेळा आवळला होता. मंगळवारी दुपारी त्या स्क्रूकडे बघत मी खोलीत नुसता बसून राहिलो. वर कोणीतरी सराव करत होतं. इतकी वर्षं वर काय चाललंय ते मी या छतातूनच ऐकत आलो, एक सामना कधी वर जाऊन बघितला नाही. कोणाचा चेंडू तारेच्या मधोमध बसला, कोणाचा चौकटीला लागला, मला खाली कळायचं. निदान कळतं असं मी समजत होतो.

आणि चारदा स्क्रू आवळताना मला एकदाही शंका आली नाही, याचीच मला जास्त शरम वाटली. शंका यायला हवी होती. दोन महिन्यांत संघातली तीनही पोरं एकामागून एक येऊन गेली होती. "काका, जरा दोन पौंड उतरवाल?" "काका, दगड झालीय हो रॅकेट, जरा सैल करा." मी उतरवून दिलं होतं. आणि घरी जेवताना हिला सांगितलं होतं की आजकालच्या पोरांची मनगटं म्हणजे नुसती शोभेची, ताण सोसत नाही. आम्ही दोघं हसलोही होतो. संघातल्या चौघांपैकी एकच माणूस काही बोललं नव्हतं, आणि ते कधी बोलणारही नव्हतं.

ती मुंगी. हे नाव मी ठेवलेलं आणि ते फक्त मीच वापरतो. आता ती चौतीस वर्षांची आहे, माझ्यापेक्षा वीतभर उंच, वर्तमानपत्रात तिचा फोटो येतो. पण पहिल्यांदा खोलीत आली तेव्हा चौदाची होती आणि पाठीवरच्या बॅगेखाली ती दिसतच नव्हती, बॅगच चालत आल्यासारखी वाटली. कोणीतरी तिला सांगितलं होतं की मोठे खेळाडू आपला आकडा सांगतात, तेव्हा तिनेही ऐटीत विचारलं, "माझा आकडा काय?" मी म्हटलं, तुझा आकडा मला काय माहीत, तुझ्या हाताला माहीत. तीन रॅकेटी तारल्या, शेहेचाळीस, अठ्ठेचाळीस आणि पन्नास पौंडांवर, कोणती कुठली ते सांगितलं नाही, आणि तिला बाहेरच्या भिंतीवर चेंडू मारायला लावलं. ती घामाघूम होऊन परत आली आणि मधली माझ्या टेबलावर ठेवून म्हणाली, "ही माझी." तेव्हापासून अठ्ठेचाळीस. वीस वर्षं ती आकडा बोलली नाही. रॅकेटी टेबलावर ठेवते, घरच्यांचं विचारते, हिच्यासाठी काहीबाही आणलेलं ठेवते आणि जाते. मागच्या वर्षी तिच्या खांद्याचं ऑपरेशन झालं. सात महिने ती आली नाही, तेव्हा खोलीत मला करमेना. लीग सुरू झाल्यावर ती परतली, पहिले तीन सामने जिंकली, आणि मग हरायला लागली. शनिवारी उपांत्य फेरीतही ती दोन-सहा, तीन-सहा अशी हरली, पोरांनी बाकीचे सामने काढले म्हणून संघ तरला.

सामना संपल्यावर ती खाली आली होती. ओल्या केसांनी, खांद्यावर बर्फाची पिशवी बांधून, माझ्या स्टुलावर बसली. "काका, रविवारची शेवटची," ती म्हणाली. "चिठ्ठी लिहून मॅनेजरकडे दिलीय. फायनल झाली की ते वाचून दाखवतील. माझ्याच्याने नाही वाचवणार." मी काय विचारलं ते आठवत नाही. ती म्हणाली, "चेंडू जातच नाही हो. पूर्ण ताकद लावते, तरी सर्व्हिसच्या रेषेपाशीच पडतो. मग पोरी पुढे येतात आणि मारतात. दोन महिन्यांत माझा एक चेंडू मागच्या रेषेबाहेर गेला नाही, काका. आउट जायची भीतीच उरली नाही." आणि मी, ज्याने ती रॅकेट तिच्या हातात दिली होती, मी शहाणपण पाजळलं. म्हटलं, शरीर सांगतं तेव्हा ऐकावं, प्रत्येकाला कधीतरी थांबावंच लागतं, तू तर मानाने थांबते आहेस. तिच्या डोक्यावर हातही ठेवला. ती थोडी रडली, आणि माझ्या डोळ्यांतही पाणी आलं. मंगळवारी त्या स्टुलाकडे बघताना मला तो माझा हात आठवत होता, आणि कुठे तोंड लपवावं असं झालं होतं.

बुधवारी सकाळी मी वडलांचा जुना काटा शोधून काढला, रद्दी तोलायचा असतो तसला, हुकाचा, एका बाजूला पौंड आणि दुसऱ्या बाजूला किलो दाखवणारा. तो रिळांच्या मागे, गंजलेल्या आऱ्यांच्या डब्यात होता. कैक वर्षांत मी त्याला हात लावला नव्हता. लावायची गरज नाही याचा मला अभिमान होता, हे कबूल करायला हवं. यंत्र अठ्ठेचाळीसवर लावलं, तारेचं एक टोक यंत्रात आणि दुसरं काट्याच्या हुकात अडकवलं आणि दांडा फिरवला. खटका पडला. काटा एक्कावन्नवर थरथरत उभा राहिला. पुन्हा फिरवला. एक्कावन्न. काट्याचीही खात्री करून घ्यावी म्हणून त्याला घरून आणलेली पाच किलोची पिठाची पिशवी अडकवली, काटा इमानेइतबारे पाच किलोवर थांबला. मग मी तीच तार छेडली आणि आधी डावा, मग उजवा कान लावला. डाव्या कानाला ती अगदी माझी अठ्ठेचाळीस वाटत होती, वीस वर्षांची ओळखीची. उजव्या कानाला ती वर चढलेली होती, आवळलेली, घसा ताणून बोलणाऱ्या माणसासारखी. तीन पौंड म्हणजे माझ्यासारख्याला किरकोळ. पण पूर्ण ताकदीने मारलेला चेंडू त्यामुळे हातभर अलीकडे पडतो, आणि हातभर म्हणजे हरणं.

घरी आलो आणि जेवणाच्या टेबलाशी बसलो. ही माझ्या उजव्या बाजूला बसली होती. ती नेहमी तिथेच बसते असं मी मनात म्हटलं, आणि मग थांबलो. नेहमी नाही. आमच्या लग्नापासून ही माझ्या डावीकडे बसायची, खिडकीपाशी. मागच्या वर्षी कधीतरी तिने खुर्ची हलवली, खिडकीतून वारा लागतो म्हणाली. मग झोपायची बाजूही बदलली, तिथे म्हणे पंखा लागतो. फिरायला जाताना ती रस्त्याच्या बाजूने चालायला लागली तेव्हा मी तिला रागे भरलो होतो. "तुला ठाऊक होतं?" मी विचारलं. हिने भाजी वाढली, मग म्हणाली, "एक्स्चेंजमध्ये आमच्या बाजूच्या दोघींचं असंच झालं होतं. मला कळतं." "मग बोलली का नाहीस?" "बोलले असते तर तुम्ही काय केलं असतंत? ऐकलं असतंत, की माझंच तोंड बंद केलं असतंत?" ती हसली, पण तिचे डोळे भरले होते. "मला वाटलं, ऐकू जरा कमी येतं, तेवढंच. मी या बाजूला बसले की झालं. तारेचं मला कुठे ठाऊक होतं." मी तिला सगळं सांगितलं, स्क्रू, काटा, एक्कावन्न. तिने कपाटाच्या दाराकडे बघितलं. बारा तक्त्यांवर मुंगीच्या हारांपुढे तिने पेन्सिलीने बारीक फुल्या केल्या होत्या. "पाच," ही हळूच म्हणाली. मग म्हणाली, "उद्याच सांगा तिला. चिठ्ठी वाचली जायच्या आत."

रात्रभर मी तिच्याशी काय बोलायचं ते जुळवलं, आणि गुरुवारी मुंगी आली तेव्हा त्यातलं एक वाक्य तोंडातून निघेना. ती तीन रॅकेटी टेबलावर ठेवत होती. आज हिच्यासाठी तिने फुलझाडाची कुंडी आणली होती. "काकूंना म्हणावं पाणी कमी घाला," ती म्हणाली. मी तिला बस म्हटलं. ती बसली. मग मी यंत्र अठ्ठेचाळीसवर लावलं, तार काट्यात अडकवली आणि दांडा फिरवला. तिने आकडा वाचला, माझ्याकडे बघितलं, पुन्हा आकडा वाचला.

"काटा बिघडलाय," ती म्हणाली.

"नाही गं. माझा कान बिघडलाय. डावा. मला सूर उतरलेला ऐकू येतो. मला वाटलं यंत्र उतरलं, म्हणून मी ते चढवत गेलो. कधीपासून ते नक्की नाही सांगता येणार, पण दोन-अडीच महिने तरी."

तिने हुकातली तार सोडवली. मग तिने जे विचारलं ते इतक्या लहान आवाजात की मी उजवा कान पुढे केला. "म्हणजे मी म्हातारी नाही झाले?"

"तू नाही. मी झालो."

मला वाटलं होतं ती रडेल, किंवा उठून मला मिठी मारेल. खरं सांगायचं तर रात्री जुळवलेल्या सगळ्या प्रसंगांत शेवटी ती मला माफ करत होती. ती उठली आणि खिडकीपाशी जाऊन पाठमोरी उभी राहिली. "मी डॉक्टर बदलला," ती म्हणाली. "रोज सकाळी पाचशे वेळा रबर ओढला. आईला सांगितलं की झालं आता. ती दोन दिवस जेवली नाही. मी आरशासमोर उभी राहून स्वतःची समजूत काढली, काका. आणि तुम्ही म्हणालात, शरीराचं ऐकावं." मी म्हटलं, "मुंगे." ती वळली. "पोरांना कळलं होतं का?" मी मान डोलावली. "त्यांनी तुम्हाला सांगितलं?" मी सांगितलं की त्यांनी उतरवून मागितलं आणि मला वाटलं पोरं नाजूक आहेत. "मलाही लागत होतं," ती म्हणाली, "हरायला लागले त्या आठवड्यापासून. हाताला दगड मारल्यासारखं. मी का बोलले नाही, माहितेय? मला वाटलं, अठ्ठेचाळीस म्हणजे अठ्ठेचाळीस. तुमच्या हातची. ती कशी चुकेल? मग चुकत असणार ती मीच." तिने तीनही रॅकेटी उचलल्या, बॅगेत कोंबल्या, बॅगेची चेन अडकली ती ओढून लावली आणि निघून गेली. टेबलावर कुंडी राहिली.

तिची हार मी समजू शकत होतो, खेळात हार असतेच. पण चौदा वर्षांच्या एका पोरीला मी स्वतःच्या हाताचं ऐकायला शिकवलं होतं, आणि चौतीस वर्षांच्या त्याच पोरीने हाताचं न ऐकता माझं ऐकलं, हे मला सहन होईना. मी पोरांना बोलावून घेतलं आणि तिघांनाही खरं काय ते सांगितलं. त्यांतला सगळ्यात मोठा डोकं खाजवत म्हणाला, "चालतंय हो काका, आम्ही उतरवून घेतलंच होतं." वर जा, विजेच्या यंत्रावर तारून घ्या, असं मी म्हटलं. त्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि रॅकेटी माझ्याच टेबलावर ठेवल्या. मी यंत्राच्या बुडाचा स्क्रू सैल केला, प्रत्येक वेळी काटा लावून, अठ्ठेचाळीसला अठ्ठेचाळीस दाखवेपर्यंत. कान लावायची सवय हाताला इतकी आहे की दर रॅकेटनंतर हात आपोआप वर यायचा, आणि मी तो खाली घ्यायचो.

शुक्रवारी हिने मला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. एका डब्यासारख्या खोलीत बसवलं, डोक्याला यंत्र चढवलं, आवाज आला की बटण दाबा म्हणाले. मी आवाज नसतानाही दोन-तीनदा दाबलं असावं, कारण काचेपलीकडच्या बाईंनी भुवई उडवली. डॉक्टर तरुण होते, त्यांनी कागदावर दोन रेषा काढून दाखवल्या, एक सपाट आणि एक घसरलेली. घसरलेली माझी डावी. कानात यंत्र लावलं की बोलणं नीट ऐकू येईल, म्हणाले. आणि सूर, मी विचारलं. त्यांनी पेन बंद केलं. सूर कदाचित तसाच राहील. बाहेर आल्यावर ही माझ्या उजव्या हाताला लागून चालत होती. मला त्या क्षणी तिची इतकी माया आली की भर रस्त्यात मी तिचा हात धरला, आणि तिने इकडेतिकडे बघून "अहो" म्हटलं, पण हात सोडवला नाही.

शनिवार गेला. मुंगीचा फोन नाही. हिने दोनदा तिच्या आईला फोन करायला घेतला आणि ठेवला. चिठ्ठीचं काय झालं ते कोणालाच ठाऊक नव्हतं. वर्तमानपत्रात अंतिम लढतीवर अर्धं पान होतं, त्यात लिहिलं होतं की निळ्यांची अनुभवी खेळाडू सूर हरवून बसली आहे आणि पिवळ्यांना बायकांचा सामना आयता मिळेल. हिने ते वाचून दाखवलं आणि मग ते पान कापायच्या ऐवजी चुरगाळून टाकलं.

रविवारी सकाळी नऊ वाजता मी खोली उघडली. सामना चारला होता. खिडकीत बूट दिसले, पांढरे, डाव्या बुटाची लेस नेहमीसारखी आत खोचलेली. मुंगी आत आली, बॅग उतरवली आणि तीन रॅकेटी टेबलावर ठेवल्या. तिन्हींच्या तारा कापलेल्या होत्या, नुसत्या चौकटी. मी त्यांच्याकडे बघत राहिलो. "वरच्या यंत्रावर दे," मी म्हटलं. "ते चुकत नाही."

"वरच्या यंत्राला माझं नाव माहीत नाही," ती म्हणाली. अजून रागात होती, ते आवाजावरून कळत होतं, उजव्या कानाने. "काट्यावर लावा. ऐकायचं ते मी ऐकते."

मी तारायला बसलो. ती स्टुलावर बसून बघत होती. उभ्या तारा, मग आडव्या, एक वरून एक खालून, खटका, चिमटा, खटका, चिमटा. दर चार तारांनंतर काटा. तासाभराने पहिली रॅकेट तयार झाली. हात वर यायला लागला, मी ती तिच्यापुढे धरली. तिने बोटाने मधली तार छेडली, रॅकेट कानाशी नेली, डोळे मिटले. किती वेळ लावला! मला कधी इतका वेळ लागला नव्हता. मग तिने डोळे उघडले आणि मान डोलावली. "ही माझी," ती म्हणाली. आणि आम्ही दोघंही क्षणभर दुसरीकडेच बघत बसलो.

दुसरी तारत असताना मी धीर करून विचारलं, "चिठ्ठी?"

"मॅनेजरकडेच आहे. मी घेतली नाही परत." ती बुटाची लेस सोडून पुन्हा बांधत होती. "माझं मला कळायला पाहिजे ना. तुमचा कान होता की माझा खांदा, की दोन्ही. आज एक चेंडू मागच्या रेषेबाहेर गेला ना, तर चिठ्ठी फाडायला सांगते. नाही गेला तर वाचू देत." तिन्ही रॅकेटी घेऊन ती दारापर्यंत गेली आणि थांबली. "वर या आज. खाली बसून तुम्हाला काय ऐकू येणारेय?"

ते लागेल असं बोलायचं होतं तिला, आणि लागलंही. पण ती बोलावत होती. चार वाजता मी सदतीस वर्षांत पहिल्यांदा त्या पायऱ्या चढलो. ही माझ्या उजवीकडे बसली, पर्समधून पेन्सिल आणि तक्ता काढून. ऊन कोर्टावर अर्ध्यापर्यंत आलं होतं. सगळं माझ्या कल्पनेपेक्षा लहान दिसत होतं, आणि मुंगी फार दूर. पहिला गेम ती हरली. दुसराही. ती जपून मारत होती, चेंडू जाळीवरून सरळ, रेषेच्या चांगला आत. पिवळ्यांची पोरगी पुढे येण्याची तयारी करत होती, तिला सवयीने ठाऊक होतं की मुंगीचा चेंडू आखूड पडणार. ही माझ्या मांडीवर हात ठेवून बसली होती. मी मनात म्हणत होतो, मार, आता विचार करू नकोस, मार.

तिसऱ्या गेममध्ये एक चेंडू तिच्या डावीकडे आला. मुंगी दोन पावलं गेली, खांदा वळवला आणि मारला. तो पिवळ्या पोरीच्या डोक्यावरून गेला, रेषेवर तिच्या मागे पडेल असं वाटलं, आणि पडला रेषेच्या पलीकडे, चांगला वीतभर बाहेर. पंचाने हात आडवा केला. मुंगी त्या खुणेकडे बघत उभी राहिली. मग तिने रॅकेटकडे बघितलं, तळव्याने तारांवर हलकेच थोपटलं, आणि भर अंतिम सामन्यात, शून्य-दोन मागे असताना, ती खळखळून हसली. बाकावर बसलेल्या मॅनेजरकडे वळून तिने दोन्ही हातांनी कागद फाडल्याची खूण केली. मॅनेजरला काही कळेना. मग तिने मान वर करून पायऱ्यांवर मला शोधलं.

मी उभा राहून टाळ्या वाजवत होतो. सबंध स्टेडियममध्ये मी एकटाच. मग ही उठली, तक्ता पायाशी पडला, आणि तीही वाजवायला लागली. पुढच्या रांगेतल्या माणसाने वळून आमच्याकडे बघितलं आणि समजावणीच्या सुरात म्हणाला, "काका, आउट गेला चेंडू. पॉइंट पिवळ्यांना." तो काय बोलला ते सांगायला ही माझ्या उजव्या कानाशी वाकली.

"ऐकलं मी," मी म्हटलं, आणि टाळ्या वाजवत राहिलो.